एकजिनी निवासी इमारत
दाट वस्तीच्या शहरी भागातील अरुंद भूखंडावर, सर्व मजल्यांसाठी एकच जिना ठेवून उभारलेली मध्यम उंचीची इमारत. अमेरिकेतील आदर्श बांधकाम संहितेनुसार ३ मजल्यांहून उंच निवासी इमारतीस सहसा दोन जिने लागतात. त्यांना जोडणारी मधली मार्गिका बरीच जागा व्यापत असल्याने लहान भूखंडावरील बांधकाम परवडेनासे होते. सिएटल शहराने मात्र ६ मजल्यांपर्यंत एकच जिना मान्य केला असून प्रत्येक मजल्यावर कमाल ४ घरे आणि स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा (पहा : अग्निप्रतिबंध), या त्याच्या प्रमुख अटी आहेत. लांब मार्गिका टळल्याने बहुतेक घरांना दोन बाजूंनी उजेड व वारा मिळू शकतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२४ मध्ये अशीच मुभा दिली. तिला अग्निशमन अधिकाऱ्यांच्या संघटनांनी विरोध नोंदविला.