मुंबई–लंडन हवाई अंतर आणि प्रवासकाल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दोन शहरांमधील भौगोलिक अंतर स्थिर असते. प्रवासकाल मात्र इतिहासानुसार बदलतो. मुंबई व लंडन यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे 7,200 कि.मी. आहे. हे अंतर पार करण्यास लागणारा काळ कोणत्या कारणांनी घटला आणि ही घट सर्वांना सारखीच लाभली काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जलमार्ग ते हवाई टपाल :
इ.स. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने मुंबई–लंडन जलमार्ग आफ्रिकेच्या वळशाच्या तुलनेत सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला. तरीही बोटीचा प्रवास आठवड्यांतच मोजला जाई. 1929 मध्ये इंपिरियल एअरवेजने लंडन–कराची हवाई टपाल सुरू केले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे टपाल आणले आणि मुंबई या साखळीस जोडली गेली.

प्रवासी विमानसेवा :
8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या मार्गाची लांबी सुमारे 7,900 कि.मी. भरते. ताशी सुमारे 500 कि.मी. वेग धरल्यास केवळ उड्डाणालाच सुमारे 16 तास लागतात. थांब्यांचा वेळ वेगळा. 1960 मध्ये बोईंग 707 या जेट विमानांमुळे वेग जवळजवळ दुप्पट झाला. पुढे लांब पल्ल्याच्या विमानांमुळे इंधनासाठीचे थांबे अनावश्यक ठरले. आज थेट प्रवास साधारणतः नऊ ते दहा तासांत होतो. उंचावरील पश्चिमी वाऱ्यांमुळे लंडनकडे जाताना अधिक वेळ लागतो.

मात्र प्रवासकाल केवळ यंत्रावर अवलंबून नाही. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने हवाई क्षेत्र बंद केल्याने भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला. नकाशावरील सरळ रेषा राजकारणाने वाकते, हेच यावरून दिसते.

ग्रामीण संदर्भ :
अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातील तिसगावचा प्रवासी मुंबई विमानतळ गाठण्यासाठी रस्त्याने पावणेतीनशे ते तीनशे कि.मी. जातो. हा प्रवास आणि विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन-तीन तास मिळून होणारा काळ जवळजवळ लंडनच्या उड्डाणाइतकाच भरतो. 1 ऑक्टोबर 2017 रोजी याच जिल्ह्यात काकडी येथे शिर्डी विमानतळ सुरू झाले. परंतु लंडनचे थेट विमान गाठण्यासाठी मुंबईची वाट सुटली नाही.

निष्कर्ष :
कालव्याने मार्ग आखूड केला, जेटने वेग वाढविला आणि लांब पल्ल्याच्या विमानांनी थांबे वगळले. तथापि या तिन्ही टप्प्यांत घटला तो बंदर ते बंदर अथवा विमानतळ ते विमानतळ हा काळ. दारापासून दारापर्यंतचा काळ मोजल्यास ग्रामीण प्रवाशाच्या वाट्याला या प्रगतीचा अंशच येतो. म्हणून वाहतुकीच्या इतिहासात उड्डाणाच्या तासांबरोबर विमानतळापर्यंतच्या रस्त्याचे तासही नोंदविणे आवश्यक ठरते.