ओट्याच्या कोपऱ्यातील सांधा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्वयंपाकघराच्या इतिहासलेखनात चूल, इंधन व आहार यांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. ज्या ओट्यावर प्रत्यक्ष काम चालते, त्याच्या बांधणीचा विचार मात्र अभावानेच आढळतो. काटकोनात मिळणाऱ्या दोन ओट्यांचा सांधा हा असाच एक दुर्लक्षित विषय होय. प्रस्तुत लेखात पाश्चात्त्य स्वयंपाकघराच्या संदर्भात त्याचा आढावा घेतला आहे.

सलग ओट्याची कल्पना

सुटी मेजे व कपाटे वापरात होती तोवर कोपरा जोडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. कॅथरिन बीचर व हॅरिएट बीचर स्टो यांनी १८६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कामाच्या जागा एकमेकींलगत आणण्याचा आग्रह धरला. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेले ‘फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर’ सुमारे १०,००० घरांत बसविण्यात आले. गृहिणीची पायपीट व श्रम वाचविणे हा या दोन्ही प्रयत्नांचा हेतू होता. पुढे बांधीव स्वयंपाकघरे रूढ झाली, ओटा एका भिंतीवरून दुसरीकडे वळला आणि सांध्याची समस्या निर्माण झाली.

समस्येचे स्वरूप

अमेरिकेत १९१३ मध्ये विद्युत-निरोधक म्हणून जन्मलेला फॉर्मायका कालांतराने ओट्यांवर आला. भुशाच्या दाबीव फळीवर लॅमिनेट चिकटवून पुढची कड गोल वळविली जाऊ लागली. अशा दोन फळ्या सरळ भिडविल्यास गोल कड व सपाट टोक जुळत नाही. संपूर्ण ४५ अंशांचा छेद घेतल्यास ६० सेंटिमीटर रुंदीच्या ओट्यावर सांधा सुमारे ८५ सेंटिमीटर लांब होतो. त्यातच भिंतींचा कोन क्वचितच अचूक ९० अंश असतो. फट राहिली की पाणी मुरते आणि फळी फुगते.

पाथरवटाचा वारसा

यावरील उपाय ‘मेसन्स मायटर’ या नावाने, म्हणजे पाथरवटाचा सांधा म्हणून, ओळखला जातो. दगडी चौकटींत तिरप्या छेदाचे निमुळते टोक तुटण्याचा धोका असे. म्हणून पाथरवट नक्षीचे वळण एकाच अखंड दगडात कोरीत आणि खरा सांधा कोपऱ्यापासून दूर, सरळ ठेवीत. ओट्याच्या सांध्यातही तिरपा छेद केवळ गोल कडेपुरता घेतात. उर्वरित सांधा सरळ असतो. खालून बोल्टने फळ्या आवळून फट जलरोधक लेपाने बुजवितात. महाराष्ट्रातील कडप्प्याच्या सपाट कडेच्या ओट्यास मात्र सरळ भिडविलेला सांधाही पुरतो.

निष्कर्ष

सलग ओट्याचे श्रेय रचनाकारांना मिळाले. परंतु त्यांनी दिलेले श्रमबचतीचे आश्वासन कारागिराच्या हातावर अवलंबून राहिले. सांधा उघडला की पुसण्याचे व दुरुस्तीचे काम पुन्हा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येते. म्हणूनच गृहश्रमाच्या इतिहासात सुतार व पाथरवट यांच्या ज्ञानाची नोंद होणे आवश्यक ठरते.