नंदुरबारच्या वाटेवरील विसावा

आमच्यांतील जो कोणी यूरोपांत चार महिने राहून येतो, त्याला तेथील भव्य इमारतींपेक्षां लहानसहान सुखेंच अधिक आठवतात. नदीकांठची सायंकाळची फेरी, बागेंतील बांक, एका पेल्यावर कॉफीगृहांत काढलेली दुपार, भट्टींतून नुकत्याच निघालेल्या पावाचा वास, अशा गोष्टींनीं मराठी प्रवासवर्णनांचीं पानें भरलेलीं आहेत. १९६० सालीं निघालेल्या पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ची गोडी तरी अशा किरकोळ प्रसंगांतच आहे. यावरून सवडीनें राहण्याची कला हा तिकडच्याच शहरांचा पूर्वापार गुण होय, असा एक समज आमच्यांत रूढ झालेला आहे. तो कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस उलट दिशेनें नेणार आहों. सतराव्या शतकांत यूरोपांतले प्रवासी आमच्या नंदुरबारावरून जात, तेव्हां त्यांना येथें काय दिसलें?

सुरतेस गलबतांतून उतरलेल्या मनुष्यास आग्र्याला जावयाचें तर मुख्य वाटा दोन होत्या. एक अहमदाबादेवरून, आणि दुसरी नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें करीत बऱ्हाणपुरावरून. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर विल्यम फिंच हा जानेवारी १६१० मध्यें या दुसऱ्या वाटेनें निघाला. हा मनुष्य कवि नव्हे, व्यापारी. त्याच्या टिपणांत कोसांचा हिशेब आहे आणि चोरांच्या तक्रारी आहेत. परंतु नंदुरबारच्या अलीकडे एका गांवीं मोहाची दारू पुष्कळ होते हें तो आवर्जून लिहितो. ती आंचेवर तापविल्याखेरीज प्रकृतीस मानवत नाहीं, असा स्वानुभवाचा अभिप्रायहि देतो. पुढें नंदुरबार येतें. तेथें त्यानें थडगीं पाहिलीं, किल्ला पाहिला, आणि त्यांच्याच बरोबर विलासगृहें व एक सुरेख तलाव यांचीहि नोंद केली. घाईनें चाललेल्या परक्याच्याहि डोळ्यांत भरावीं इतकीं विसाव्याचीं स्थळें त्या काळीं गांवाबाहेर होतीं, एवढें यावरून निश्चित होतें. लंडनांतले पहिलें कॉफीगृह उघडलें तें १६५२ सालीं, म्हणजे फिंचच्या प्रवासानंतर बेचाळीस वर्षांनीं. आणि कॉफी तरी तिकडे पूर्वेकडूनच गेली. तेव्हां जें सुख आम्ही तिकडचें पुरातन वैभव मानतों, त्याचा तेव्हां तेथें जन्महि झालेला नव्हता.

परंतु एवढ्यावरच थांबून आमच्या पूर्ववैभवाचा अभिमान बाळगणें हा इतिहास नव्हे. फिंचनंतर वीस वर्षांनीं, नोव्हेंबर १६३० मध्यें, पीटर मंडी नांवाचा दुसरा इंग्रज याच वाटेनें आला. तें वर्ष गुजराथ व दक्षिण यांना गिळून टाकणाऱ्या दुष्काळाचें होतें. परंपरा सांगते कीं तुकोबांच्या घरचीं माणसें याच दुष्काळांत गेलीं. मंडीनें सुरतेपासून रस्त्यांत प्रेतेंच पाहिलीं. नंदुरबारास तर गांवाभोंवतीं इतकीं प्रेतें पडलेलीं होतीं कीं तंबू ठोकण्यास मोकळी जागा मिळणेंहि कठीण झालें. मार्ग तोच आणि नगरहि तेंच; परंतु विलासगृहांकडे पाहण्याइतकें भान कोणास राहणार? लहान सुखें दिसावयाला लहान असतात. मात्र त्यांच्या बुडाशीं वेळेवर पडलेला पाऊस, भरलेलें पेंव आणि निर्भय रस्ता हीं तीन मोठीं सुखें असावीं लागतात.

हा दुष्काळ ओसरल्यावर तावेर्निये नांवाचा फ्रेंच रत्नव्यापारी या वाटेनें गेला. त्याचें प्रवासवर्णन १६७६ सालीं पॅरिसांत छापलें गेलें. त्यांत आमच्या नवापुरास जें स्थान मिळालें आहे तें राजधान्यांनाहि हेवा वाटावा असें आहे. गांव विणकरांनीं भरलेलें, शेजारीं नदी, आणि त्या पाण्यावर पिकणारा तांदूळ. या तांदळाचा दाणा सामान्य तांदळाहून पुष्कळ बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीसारखा. हिंदुस्थानचे अमीरउमराव दुसरा भात खात नाहींत, आणि इराणांत कोणास खूष करावयाचें तर या तांदळाचें एक पोतें नजर करावें, असें तो सांगतो. रत्नें पारखणाऱ्या या मनुष्यानें शितांचीहि पारख तितक्याच आस्थेनें केली.

येथें एक प्रश्न मात्र राहतो. अमीरांच्या ताटांत पडणारा हा भात लावणाऱ्याच्या ताटांत सणावारीं तरी पडत होता काय? तो विणकर संध्याकाळीं माग थांबवून त्या नदीकांठीं घटकाभर बसत होता काय? यांतील एकाहि प्रवाशानें हें विचारलें नाहीं. यूरोपांतील सुखांचीं वर्णनें करणाऱ्या आमच्या लेखकांनीं तरी कॉफीगृहांतील पेले विसळणाऱ्यास तें कितीदां विचारलें आहे? सुख चाखणाऱ्याची नोंद होते, पुरविणाऱ्याची राहून जाते. सवडीच्या इतिहासांतली ही उणीव दोन्ही खंडांत सारखीच आहे.

१९९८ सालीं नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. सुरत-भुसावळ आगगाडी आज तो जुना प्रवास कांहीं तासांत संपविते, आणि उतारू बहुधा झोंपेंतच नवापूर ओलांडतो. तेथें रंगावलीच्या कांठीं अद्यापि भात पिकतो, सातपुड्यांत मोह फुलतो, आणि हिंवाळ्यांत नंदुरबाराबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांनीं जमिनी लालभडक होतात. कोणी सवड काढून येथें चार दिवस उतरलाच, तर त्यानें टिपणवही बरोबर आणावी. आणि मिरची निवडणाऱ्या बाईस तिच्या विसाव्याची वेळ कोणती, हें आधीं विचारून घ्यावें.