बोर्दोचा नदीकाठ : वास्तुवैभव आणि त्यामागील व्यापार

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन नदीच्या काठी बोर्दो हे प्राचीन शहर वसले आहे. अटलांटिक महासागर नदीमार्गे सुमारे १०० किलोमीटर दूर असला तरी भरतीचे पाणी शहरापर्यंत चढते आणि नदी गढूळ, तपकिरी दिसते. नदीच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे या बंदरास ‘चंद्राचे बंदर’ हे नाव मिळाले. याच नावाने २००७ मध्ये युनेस्कोने शहराचा सुमारे १,८०० हेक्टर भाग जागतिक वारसा म्हणून घोषित केला. हे वास्तुवैभव कोणत्या धनातून उभे राहिले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मध्ययुगात, ११५२ ते १४५३ या काळात, बोर्दो इंग्लंडच्या राजघराण्याच्या अमलाखाली होते व मद्याच्या निर्यातीवर पोसले गेले. मात्र आज प्रवाशाला जे बोर्दो दिसते ते प्रामुख्याने अठराव्या शतकातील आहे. जाक गाब्रिएल व त्याचा पुत्र आंज-जाक यांनी १७३० ते १७५५ या काळात नदीकाठी राजचौक उभारला. तोच आजचा ‘प्लास द ला बूर्स’. त्यापूर्वी तटबंदीआड दडलेले शहर या चौकाने प्रथमच नदीकडे तोंड करून उभे राहिले. चौकाच्या एका अंगास जकात भवन, दुसऱ्या अंगास व्यापारभवन आणि मध्यभागी पंधराव्या लुईचा पुतळा अशी मूळ रचना होती. राज्यक्रांतीत पुतळा नष्ट झाला. जकात व व्यापार यांच्या इमारती मात्र टिकल्या, ही गोष्ट सूचक आहे. पुढे तुर्नी या राजनियुक्त प्रशासकाने रुंद रस्ते व एकसारख्या दर्शनी भागांची घरे यांची आखणी केली, तर व्हिक्तोर लुईचे बारा स्तंभांचे भव्य नाट्यगृह १७८० मध्ये खुले झाले.

या बांधकामाला पैसा पुरविला तो सागरी व्यापाराने, विशेषतः सॅं-दोमॅंग, म्हणजे आजच्या हैतीशी चाललेल्या साखर, कॉफी व नीळ यांच्या व्यापाराने. बोर्दोच्या जहाजांनी गुलामांच्या वाहतुकीसाठी सुमारे ५०० सफरी केल्या व १,२०,००० ते १,५०,००० आफ्रिकी माणसे अमेरिकेच्या बाजूस नेली, असा अंदाज आहे. एकूण जहाजवाहतुकीत या सफरींचा वाटा लहान होता. बहुतेक जहाजे थेट वसाहतींत जाऊन माल घेऊन परतत. या आकड्याच्या आधारे शहराचा दोष सौम्य ठरविण्याची प्रवृत्ती दिसते. ती ग्राह्य धरता येत नाही. कारण वखारीत उतरणारी साखर गुलामांच्याच श्रमाची होती. चौकातील इमारतींच्या कमानींवर कोरलेल्या मुखशिल्पांत आफ्रिकी चेहरेही आहेत. तेव्हाच्या धनिकांना हा संबंध लपवावासा वाटला नव्हता, असेच यावरून म्हणावे लागते.

१७९१ मध्ये सॅं-दोमॅंगमध्ये गुलामांचा उठाव झाला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. त्यात युद्धांची भर पडून बंदराची भरभराट ओसरली. अठराव्या शतकातील वास्तू पाडून नव्या बांधण्याइतका पैसा व निकड पुढे उरली नाही, हेही त्या टिकण्याचे एक कारण मानता येईल. विसाव्या शतकात त्यांचा पिवळसर चुनखडीचा दगड धुराने काळा पडला होता. १९९५ नंतर दर्शनी भिंतींची स्वच्छता झाली, धक्क्यावरील गोदामे हटविली गेली, २००३ मध्ये ट्राम सुरू झाली आणि २००६ मध्ये राजचौकासमोर पाण्याचा जेमतेम दोन सेंटिमीटर थर असलेला ‘जलदर्पण’ साकारला.

दगड उजळले, पण व्यापाराचा इतिहास उघडपणे मांडण्यास आणखी काळ लागला. आकितॅन संग्रहालयात या विषयाची स्थायी दालने २००९ मध्ये खुली झाली. १० मे २०१९ रोजी धक्क्यावर मोदेस्त तेस्तास या स्त्रीचा पुतळा बसविण्यात आला. बोर्दोच्या व्यापारी बंधूंनी तिला गुलाम म्हणून विकत घेऊन सॅं-दोमॅंगला नेले होते. पुतळा घडविणारा शिल्पकार हैतीचा आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची नावे असलेल्या काही रस्त्यांवर पुढे माहितीफलक लावण्यात आले. नावे तशीच ठेवली गेली.