जन्मजात थायरॉईड-न्यूनता

गळ्याच्या पुढच्या भागातील थायरॉईड (अवटू) ग्रंथी जन्मतःच नसणे, अपुरी वाढलेली असणे, जागा चुकून जिभेच्या मुळाशी राहिलेली असणे, अथवा जागेवर असूनही तिला थायरॉक्सिन हे संप्रेरक पुरेसे तयार करता न येणे, यांमुळे होणारा व बहुधा आयुष्यभर राहणारा विकार. बहुतेक रुग्णांत ग्रंथीची घडणच सदोष असते आणि हा दोष सहसा आनुवंशिक नसतो. संप्रेरक तयार न होण्याच्या प्रकारात मात्र आईवडील दोघांकडून आलेला जनुकदोष सापडतो. नात्यातील लग्नांत त्याचा संभव वाढतो. आयोडिनाची तीव्र कमतरता असलेले प्रदेश सोडले, तर आईच्या गरोदरपणातील खाण्यापिण्याला बोल लावण्यास आधार नाही. तो बोल घरोघरी लावला जातो, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे. जगात साधारण दोन ते चार हजार नवजातांत एकाला हा विकार होतो. भारतात हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आढळले आहे.

गर्भात आईचे थायरॉक्सिन वारेतून काही प्रमाणात बाळाला मिळत असल्याने जन्मवेळी बाळ बहुधा निरोगी दिसते. पुढे लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, मोठी जीभ, फुगलेली बेंबी आणि झोपाळूपणा दिसू लागतो. दूध पिऊन निजणारे, फारसे न रडणारे मूल ‘शहाणं बाळ’ म्हणून कौतुकाचे होते आणि नेमके तेच आठवडे हातचे जातात. पहिली दोन-तीन वर्षे मेंदूची वाढ थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्या काळातील उणिवेमुळे आलेले मतिमांद्य पुढे औषधाने भरून निघत नाही.

म्हणून लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी लागते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात झां द्युसो यांनी १९७४ मध्ये, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरून नवजातांची सार्वत्रिक चाचणी सुरू केली. आज जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन प्रामुख्याने टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) मोजतात. भारतात गोव्याने २००८ मध्ये राज्यपातळीवर नवजात-तपासणी हाती घेतली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा विकार आहे. तरीही अनेक प्रसूतिगृहांत ही चाचणी आपोआप होत नाही. आईवडिलांनी ती मागून घ्यावी.

उपचार एकच : लेव्होथायरॉक्सिनची रोजची गोळी. ती शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करतात. तान्ह्या बाळाला वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम मात्रा लागते. गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात देतात. वयाबरोबर एकूण मात्रा वाढते, पण किलोमागची गरज घटत प्रौढपणी सुमारे दीड मायक्रोग्रॅमवर येते. काही मुलांतील न्यूनता तात्पुरती असल्याने, शंका असल्यास तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवून पुन्हा पाहतात. आपल्या मनाने थांबवू नये.

लवकर आणि नीट उपचार मिळालेली मुले इतरांसारखीच वाढतात, शिकतात, खेळतात. पहाटेची शाळा असो वा लग्नघर, गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. निर्जळी उपासालाही गोळीपुरता पाण्याचा घोट घ्यावा. खरी कसोटी किशोरवयात लागते. थायरॉक्सिन शरीरातून निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे दोन-चार गोळ्या चुकल्या तरी काही जाणवत नाही आणि ‘मला आता गरज नाही’ असे मुलांना वाटू लागते. मग काही आठवड्यांनी थकवा, थंडी सहन न होणे, अभ्यासात मन न लागणे, मुलींत पाळीची अनियमितता सुरू होते आणि शिक्षकांना किंवा घरच्यांना तो आळस वाटतो. गोळीची जबाबदारी आईकडून मुलाकडे एकदम न जाता दहाव्या-बाराव्या वर्षापासून हळूहळू जावी आणि आपल्याला काय झाले आहे हे मुलाला त्याच्या भाषेत सांगितलेले असावे. गोळी चुकलीच, तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी.

स्थळ पाहताना हा विकार लपवण्याची रीत मुलींवर विशेष अन्याय करते. मात्रा योग्य असेल तर गर्भधारणेत सहसा अडचण येत नाही. दिवस राहिल्याचे कळताच मात्र डॉक्टरांना गाठावे, कारण सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो आणि मात्रा बहुधा पाव ते एकतृतीयांशाने वाढवावी लागते. प्रसूतीनंतर ती पूर्ववत करतात. गोळी चालू ठेवून अंगावर पाजता येते.