वाराच्या जेवणापासून बोर्डिंगच्या पंक्तीपर्यंत

शहरांतल्या अनेक सेवाभावी संस्था आज वस्तीतल्या मुलामुलींसाठी मार्गदर्शक नेमतात. शिकलेला तरुण किंवा निवृत्त माणूस आठवड्यातून एखादा तास मुलाबरोबर बसतो, त्याचा अभ्यास पाहतो, पुढे काय शिकायचे ते सांगतो. काम चांगलेच आहे, पण ते नवे आहे, बाहेरून आले आहे, असा समज पसरला आहे. महाराष्ट्रात या कामाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो मार्गदर्शन या नावाखाली लिहिला गेला नाही, वसतिगृहांच्या इतिहासात दडून राहिला, म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही. तो इतिहास नीट पाहिला तर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. गरीब घरच्या पोराला हाताशी धरून पुढे नेण्याचे काम इथे तेव्हाच टिकले, जेव्हा त्याची भाकरी कुणा एका घराच्या मर्जीवर राहिली नाही आणि त्याच्याकडे रोज पाहणारे कुणीतरी एक माणूस त्याच्या आसपास होते.

बोर्डिंगे निघण्याआधी पुण्यासारख्या शहरात गरीब विद्यार्थ्याला दोनच वाटा होत्या, माधुकरी आणि वार. कोकणातून, देशावरून शिकायला आलेला मुलगा झोळी घेऊन घरोघर शिजवलेले अन्न मागे, नाहीतर सात वारांना सात घरी जेवण लावून घेई. या रीतीबद्दल आजही कृतज्ञतेने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या घरी ओढाताण असताना परक्या मुलाला पानावर बसवणाऱ्या गृहिणींनी एका पिढीच्या शिक्षणाचा भार उचलला. वार लावून जेवलेली मुले पुढे वकील झाली, प्राध्यापक झाली. तरीही या रीतीच्या मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. पहिली मर्यादा जातीची. ही दारे मुख्यतः ब्राह्मण मुलालाच उघडत. कुणब्याच्या, धनगराच्या पोराला स्वयंपाकघरापर्यंत वाट नव्हती आणि महार-मांगाच्या पोराला उंबऱ्यापर्यंतही नव्हती. दुसरी मर्यादा तेवढी बोलली जात नाही. घरात आजारपण आले, सोयरसुतक आले, यजमानांची बदली झाली की तो वार रिकामा पडे आणि त्या दिवशी मुलगा उपाशी राही. जेवणाच्या बदल्यात पाणी भरणे, बाजारहाट करणे, यजमानांचा स्वभाव सांभाळणे हेही आलेच. तिसरी मर्यादा मला सर्वांत मोठी वाटते. सात घरांपैकी प्रत्येक घर त्या मुलाला आठवड्यातून एकच दिवस पाहत होते. तो झोपतो कुठे, वाचतो काय, खचला आहे का, हे सगळे मिळून एका कुणाला ठाऊक असायचे कारणच नव्हते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. 1896 मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह निघाले, पण व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. दार उघडे ठेवल्याने खेड्यातला मुलगा आपोआप आत येत नाही, हा धडा महाराजांनी त्यातून घेतला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, आणि पुढच्या दोन दशकांत मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क होस्टेल निघाले. संस्थानाने जागा द्यायची, इमारतीला आणि खर्चाला मदत करायची, आणि कारभार त्या त्या समाजातल्या जाणत्या मंडळींनी पाहायचा, अशी ही व्यवस्था होती. कारभार समाजाकडे देण्यात शहाणपण होते. ज्या शेतकऱ्याने कधी शाळा पाहिली नाही, तो आपले पोर अनोळखी सरकारी इमारतीत सोडणार नव्हता. आपल्यातल्या चार माणसांच्या नजरेखाली मात्र सोडणार होता. वसतिगृहांची जननी हा कोल्हापूरचा लौकिक इथून सुरू झाला. 1902 सालचे नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचे फर्मान आणि ही बोर्डिंगे एकत्रच वाचली पाहिजेत, कारण राखीव जागेवर बसायला आधी शिकलेला मुलगा हवा होता, आणि तो बोर्डिंगमध्ये तयार होत होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. जातीजातींची वेगळी वसतिगृहे काढून महाराजांनी जात पक्की केली नाही का? आक्षेपात तथ्य आहे. एकाच जातीच्या पंक्तीत वाढलेला मुलगा शिकूनही त्याच पंक्तीचा राहण्याचा धोका होता, आणि बोर्डिंगच्या चार भिंतींत जुने सोवळेओवळे पाळले जाई. याचा सर्वांत बोलका पुरावा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रातच मिळतो. कुंभोजचा हा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क होस्टेलच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे दोष खरा होता. पण 1901 साली पर्याय काय होता, हेही विचारले पाहिजे. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहाचे काय झाले ते आधीच्या पाच वर्षांत दिसले होते. जातवार बोर्डिंगने निदान पहिल्यांदाच शेकडो खेडुती मुलांना शहरात पाय टेकायला जागा दिली. ती पायरी होती, मुक्काम व्हायला नको होता. काही ठिकाणी ती मुक्काम झाली, हे मान्य करूनही त्या पायरीचे श्रेय मला नाकारता येत नाही.

पुढची पायरी जैन बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या त्याच भाऊरावांनी चढली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि 1924 मध्ये साताऱ्याला छत्रपती शाहू बोर्डिंग उभे राहिले. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान पोरे एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंक्तीत जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधी या बोर्डिंगला येऊन गेले. सर्व जातींच्या मुलांना आईसारखे सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाई भाऊराव पाटील स्वतः सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या होत्या. त्यांनी स्वतःला बदलले, आणि मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही मोडले. 1930 मध्ये त्या गेल्या. या बोर्डिंगसाठी घरोघरच्या बाया दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत आणि त्यातून मुष्टिफंड उभा राही. वाराच्या जेवणातही दाणा गृहिणीच्याच हातचा होता. फरक एवढाच, की मुष्टिफंडातली मूठ कोणत्या मुलाच्या पोटात गेली हे देणारीला माहीत नसे, आणि मुलालाही कुणा एका घराचे ओझे वाहावे लागत नसे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले खरे वळण हेच आहे.

भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये मुले श्रम करून शिकत, आणि कमवा आणि शिका या तत्त्वावरही टीका झाली. पोरांना शेतात राबवायचे, विहिरी खणायला लावायचे, तर अभ्यास कधी व्हायचा, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्त आहे. श्रमाचे नाव घेऊन मुलांकडून फुकट काम करून घेणारे लोक सगळीकडे असतात, म्हणून या तत्त्वावर कायम नजर हवीच. पण साताऱ्यात श्रमाने जे साधले ते दुसऱ्या कशानेही साधले नसते. आपण खातो ती भाकरी आपल्या घामाची आहे हे कळलेला मुलगा ताठ मानेने बसतो. त्याच शाहू बोर्डिंगच्या पंक्तीतून बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे आले, विलायतेला जाऊन शिकून परतले, रयतेतच शिकवू लागले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शिकलेला मुलगा परत येऊन धाकट्या पोरांच्या मागे उभा राहतो, ही या रचनेची मोठी कमाई आहे.

सोलापूरचे उदाहरणही याच ओळीतले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या जानेवारीत तिथे वसतिगृह काढले. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःचे मासिक चालवले, आणि मुंबईत सभेने तरुणांना जुगार-दारूपासून दूर ठेवायला हॉकी क्लबही सुरू केला. पोराचा रिकामा वेळ हाही आपल्याच जबाबदारीचा भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते. मुलींच्या बाबतीत मात्र हा इतिहास फार तोकडा पडतो. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 चे आणि कर्व्यांचा आश्रम 1896 चा, म्हणजे मुलींसाठीचे काम काळाने आधी सुरू झाले होते. तरी पुढची बहुतेक बोर्डिंगे मुलांसाठीच निघाली, आणि खेड्यातल्या मुलीला शहरात राहायला जागा मिळायला कितीतरी दशके लागली. या चळवळीची ही सर्वांत मोठी चूक होती असे मला वाटते.

आता शासन वसतिगृहे चालवते, जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात स्वाधार योजनेतून पैसे जमा होतात, मग अशा संस्थांची गरज काय, असेही विचारले जाते. शासनाची मदत हक्काची आहे, ती वाढलीच पाहिजे, आणि दानावर जगण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण खात्यातल्या पैशाने खोलीचे भाडे भागते, रात्री ताप आल्याचे कळत नाही. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून खेड्यातल्या मुलामुलींसाठी उभी आहे, ती याच उरलेल्या जागेत. आठवड्याला एक तास देणाऱ्या आजच्या मार्गदर्शकांनीही वाराच्या जेवणाची तिसरी मर्यादा ध्यानात ठेवावी. मुलाला शिकवणी एक जण देतो, खेळ दुसरा, समुपदेशन तिसरा, आणि सगळा मुलगा पुन्हा कुणालाच ठाऊक नसतो. दहा मार्गदर्शक वाढवण्याआधी वस्तीत रोज हजर राहणाऱ्या एका माणसाच्या पगाराची सोय करावी, एवढे तरी या इतिहासावरून म्हणता येते.

बोर्डिंगमधले असे माणूस म्हणजे तिथले सुपरिंटेंडेंट, गृहपाल, स्वयंपाकीण. संस्थापकांचे पुतळे झाले, या लोकांची नावेही फारशी उरली नाहीत. ती जुन्या हजेरीपटांत, कोठीच्या जमाखर्चात, पालकांनी पाठवलेल्या पत्रांत सापडतील. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या बोर्डिंगची अशी वही किंवा पत्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता त्या संस्थेकडे किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे पोहोचवावीत.