जिवंत चरबीचे कलम

तासगावच्या द्राक्षबागेत डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम करताना काडी आधी तोडतात, मग ती खुंटाच्या चिरेत बसवतात. काडीतला ओलावा संपण्याच्या आत सांधा जुळला तर डोळा फुटतो, नाही तर काडी वाळते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची रीत याउलट. मातृरोपापासून निघालेल्या धावत्या खोडाच्या टोकाचे पिल्लू पिशवीतल्या मातीत टेकवतात. त्याला स्वतःची मुळे फुटेपर्यंत ते आईशी जोडलेलेच राहते. मगच मधला दुवा कापतात. सातारा-सांगलीच्या शिक्षकांना हे सांगायची गरज नाही. माणसाच्या शरीरातील ऊतक एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा इतिहासही याच दोन रीतींचा आहे, ही गोष्ट मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

लायपोसक्शन म्हटले, की लठ्ठपणा आणि नटनट्या आठवतात; म्हणजे काढून फेकलेली चरबी. आम्हाला येथे रस आहे तो काढल्यावरही जिवंत राहिलेल्या चरबीत.

स्ट्रॉबेरीच्या रीतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे, आणि ते चरबीचे नसून त्वचेचे आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेकडील एक गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. शेतकरी जातीचा मराठा असे त्याचे वर्णन आहे. नाव मात्र ‘कावसजी’ छापले आहे. इंग्रजांच्या कानांनी मूळ नावाचे काय केले असेल, कोण जाणे! सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या माणसाने त्याला नवे नाक बसवले. कपाळावर मेणाचा नमुना ठेवून तेवढी त्वचा सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तोडली नाही. सुटलेली त्वचा उलटवून नाकाच्या जागी बसवली आणि पाण्यात मऊ केलेल्या काताच्या लेपाने धरून ठेवली. पट्टी कापायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. नाक नवे झाले ते त्या पंचवीस दिवसांत पट्टीतून वाहत राहिलेल्या रक्तामुळे.

चरबीवर पहिले प्रयोग झाले ते मात्र द्राक्षाच्या रीतीने, म्हणजे तोडून लावण्याच्या. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले १८९४ साली. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत गुस्टाव्ह नॉयबर यांनी एका तरुणाच्या डोळ्याखालचा खोलगट व्रण त्याच्याच दंडातल्या चरबीने भरला होता. त्यांनी एक निरीक्षण नोंदवले: तुकडे बदामाहून मोठे असले की निकाल चांगला लागत नाही. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, व्हिन्सेंझ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या पाठीवरील मुठीएवढी चरबीची गाठ काढून ती स्तनाच्या ठिकाणी बसवली. पुढची कित्येक दशके शल्यचिकित्सक असे तुकडे बसवत राहिले आणि ते आक्रसताना पाहत राहिले. १९५० मध्ये अमेरिकेतील लिंडन पीअर यांनी तुकड्यांची मोजदाद केली, तेव्हा वर्षभरात जवळजवळ निम्मे वजन नाहीसे होते असे दिसले.

निम्मेच का? याचे उत्तर बऱ्याच उशिरा, २०१२ मध्ये, तोक्यो येथील कोतारो योशिमुरा यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दिले. रोपण केलेल्या तुकड्यातील बहुतेक मेदपेशी पहिल्याच दिवशी मरू लागतात. नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत प्राणवायू झिरपून पोचतो तो फक्त कडेच्या थरात. मेदपेशी तगतात त्या कडेपासून सुमारे ०.३ मिलिमीटरपर्यंतच. दहावीच्या वर्गात हे गणित जरूर घालावे. १ सेंटिमीटर व्यासाचा गोळा घेतला, तर ०.३ मिलिमीटर जाडीच्या कडेच्या थरात त्याचे किती घनफळ येते? जेमतेम १७ टक्के. आणि २ मिलिमीटर व्यासाचा थेंब घेतला तर? सुमारे ६६ टक्के. नॉयबर यांच्या बदामाचे रहस्य घनाच्या सूत्रात होते.

यातून वाटा दोन निघतात. एक तर मोठ्या तुकड्यासोबत त्याची रक्तवाहिनीही न्यायची, किंवा तुकडा इतका लहान करायचा की वाहिनीची वाट पाहता येईल.

पहिल्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत पार पडला. सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशिर अंतिया (१९२२–२००७) यांनी जे. जे. रुग्णालयात टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला होता. कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्यांवर व हातांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांनी व डॉ. बूच यांनी पोटावरील चरबी, तिच्यावरची त्वचेची आतली जाड बाजू आणि तिला रक्त पुरवणारी वाहिनी असा एकसंध भाग काढला. तो चेहऱ्यावरील खड्ड्यात बसवून वाहिनी तेथील रक्तवाहिनीला टाक्यांनी जोडली. हा वृत्तांत ‘ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’त १९७१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे काडी तोडली, पण लावताक्षणी तिचा रस सुरू केला! अशा ‘मुक्त’ रोपणाचे श्रेय अनेक पुस्तके ऑस्ट्रेलियातील टेलर व डॅनियल यांच्या १९७३ च्या शस्त्रक्रियेला देतात. त्यांचे काम मोठेच आहे; पण तारखा समोर असताना आपल्या विद्यार्थ्यांना तरी १९७१ माहीत असायला हवे, असे आम्हाला वाटते.

दुसरी वाट उघडली ती चरबी फेकून देणाऱ्यांनी. १९७७ मध्ये पॅरिसचे इव्ह-जेरार इलूझ बोथट नळी आणि निर्वात पंप यांनी चरबी ओढून काढू लागले. १९८७ मध्ये अमेरिकेचे जेफ्री क्लाइन यांनी बधिर करणारे व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध मिसळलेले भरपूर क्षारयुक्त पाणी आधी चरबीत भरण्याची पद्धत सांगितली, त्यामुळे रक्तस्राव फार कमी झाला. पिंपात जमा होणारी ही चरबी आपसूकच बारीक तुकड्यांत निघत होती. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी तिचा पुन्हा उपयोग करायचा तर काय पाळावे, याची शिस्त घालून दिली. पंपाऐवजी हाताने हळू ओढलेली पिचकारी वापरायची, अपकेंद्री यंत्रात फिरवून तेल व पाणी वेगळे करायचे आणि उरलेली चरबी थेंबाथेंबाने निरनिराळ्या थरांत सोडायची. थेंब किती लहान असावा, हे आपण वर मोजलेच.

आता त्या चरबीत आणखी काय असते ते पाहू. १९६४ मध्ये मार्टिन रॉडबेल यांनी उंदराच्या चरबीवर कोलॅजिनेज हे विकर टाकून तिचे धागे विरघळवले. तेलाने भरलेल्या मेदपेशी दुधावरच्या सायीसारख्या वर तरंगल्या आणि बाकीच्या पेशी तळाशी बसल्या. रॉडबेल यांना हव्या होत्या वरच्या. (त्यांना पुढे १९९४ चे नोबेल मिळाले, ते पेशींमधील संदेशवहनाच्या कामाबद्दल.) तळाच्या गाळाकडे माणसाच्या बाबतीत गंभीरपणे पाहिले गेले ते २००१ मध्ये. कॅलिफोर्नियातील पॅट्रिशिया झुक व सहकाऱ्यांनी लायपोसक्शनच्या चरबीतून अशा पेशी वेगळ्या केल्या, की ज्यांना परीक्षानळीत योग्य पोषण दिल्यास त्या मेद, हाड, कूर्चा किंवा स्नायू यांच्या पेशींकडे वळतात. याच चरबीतील मूलपेशी. तोक्योच्या प्रयोगांत मेदपेशी दिवसभरात मेल्या तरी या पेशी तीन दिवसांपर्यंत तग धरून होत्या आणि पुढे त्यांच्यातूनच नव्या मेदपेशी घडल्या. काडी सुकली तरी डोळा जिवंत राहावा, तसेच.

लेसर आला तो या पार्श्वभूमीवर, आणि मुळात त्याचा हेतू वेगळा होता. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बारीक तंतूतून त्वचेखाली नेऊन चरबी वितळवणारे यंत्र अमेरिकेत २००६ साली मान्य झाले. उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या गोठतात, त्वचाही थोडी आवळते. चरबी टाकायचीच असेल तर हे सोयीचेच. पण अंड्याचा बलक गोठवणारी उष्णता पेशीतल्या प्रथिनांना वेगळी वागणूक देत नाही. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका गटाने लेसरच्या साहाय्याने काढलेली चरबी आणि साध्या ओढणीने काढलेली चरबी यांची तुलना केली. लेसरच्या चरबीत जिवंत मूलपेशी कमी सापडल्या आणि हाड वा मेद घडवण्याची त्यांची क्षमताही कमी भरली. नंतर १४७० नॅनोमीटरची यंत्रे आली. हा प्रकाश पाणी फार चांगला शोषते, त्यामुळे चरबीभोवती आधी भरलेले पाणीच तापून पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, त्या होरपळत नाहीत, असा उत्पादकांचा दावा आहे. तत्त्व पटण्याजोगे आहे. परंतु लेसर कोणता आणि ऊर्जा किती, यावर निकाल बदलणार. म्हणून आम्ही अशा प्रत्येक दाव्यापुढे एकच प्रश्न ठेवतो: काढलेल्या पेशींपैकी किती जिवंत होत्या, आणि ते कसे मोजले? मोजण्याची एक रीत तर साधी आहे. ट्रिपान ब्लू हा निळा रंग मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशीचे आवरण त्याला आत येऊ देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या आणि बिनरंगी पेशी मोजायच्या.

हे प्रयोगशाळेपुरते राहिले असते तर शिक्षकांसाठी लिहिण्याची घाई नव्हती. पण गुडघेदुखीपासून मेंदूच्या विकारांपर्यंत सर्वांवर ‘तुमच्याच चरबीतील मूलपेशी’ असा उपाय सांगणारी पत्रके आता लहान गावांपर्यंत येतात, आणि शेत गहाण टाकण्याआधी घरातले लोक पुष्कळदा गावातल्या विज्ञानशिक्षकालाच विचारतात. अशा वेळी हाताशी असावे ते हे: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सिद्ध उपचार म्हणून मान्यता दिली ती रक्ताच्या मूलपेशींच्या रोपणाला, तीही रक्ताचे आजार व अशाच ठरावीक विकारांसाठी. बाकी सर्व मूलपेशी-उपचार, चरबीतल्या पेशींचे धरून, त्या तत्त्वांनुसार संशोधन ठरतात. ते मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे असतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.